वक्र काच बसवताना : त्रिज्या ठरवण्यापासून शेवटच्या सिलिकॉनपर्यंत

सपाट काचेच्या कामात मोजमाप थोडे चुकले तर काच पुन्हा कापून आणता येते किंवा चौकट सरकवून वेळ मारून नेता येते. वक्र काचेच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नसतेच. टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करत मजबूत केलेली काच भट्टीतून बाहेर पडल्यानंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही आणि तिची गोलाई कमीजास्त करता येत नाही. त्यामुळे या कामातले सगळे महत्त्वाचे निर्णय मागणी नोंदवण्याच्या आधीच घ्यावे लागतात. गोल बाल्कनी, वळणदार जिना, दुकानाची कोपऱ्यावरची दर्शनी काच किंवा बैठकीच्या खोलीतील गोलाकार पार्टिशन यांपैकी काही करायचे ज्यांनी ठरवले आहे, त्या घरमालकांसाठी आणि हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या इंटिरियर डिझायनरांसाठी पुढील क्रम लिहिला आहे.

खरोखर वक्र काच लागणार आहे का?

गोल दिसणाऱ्या प्रत्येक इमारतीत काच गोल असतेच असे नाही. इंग्लंडमधील इप्सविच येथे नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आरेखित केलेली, १९७५ साली पूर्ण झालेली विलिस फेबर अँड डुमास ही इमारत रस्त्याच्या वळणाप्रमाणे वळत जाते, पण तिची दर्शनी भिंत सपाट काचांची आहे. लंडनमधील २००४ साली खुली झालेली ‘घेर्किन’ ही इमारत तर सर्वांगाने फुगीर आहे, तरी तिच्यात खऱ्या अर्थाने वक्र असलेली काच एकच, ती म्हणजे अगदी माथ्यावरची. बाकी साऱ्या काचा सपाट असून त्या एकमेकींशी किंचित कोन करून बसवलेल्या आहेत.

हाच हिशेब घरच्या कामालाही लावता येतो. काचेच्या सपाट पट्टीच्या रुंदीचा वर्ग घेऊन त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागले की पट्टीचा मध्य खऱ्या कंसापासून किती दूर राहील ते कळते. ६ मीटर त्रिज्येच्या बाल्कनीत ६०० मिमी रुंदीच्या सपाट पट्ट्या लावल्या तर हे अंतर अवघे ७.५ मिमी येते आणि दोन पट्ट्यांमधला कोन सहा अंशांहूनही कमी राहतो. चार पावलांवरून हे वळण गोलच वाटते. त्रिज्या दीड मीटर असेल तर मात्र त्याच पट्टीचे अंतर ३० मिमी होते, कोन २३ अंशांवर जातो आणि काम सरळसरळ कोनाकोनाचे दिसू लागते. माझे मत असे की त्रिज्या पाच-सहा मीटरच्या पुढे असेल आणि सांधे डोळ्यांना खुपणार नसतील, तर घरमालकाने आधी सपाट पट्ट्यांचाच विचार करावा. खर्च बराच वाचतो, आणि एखादी काच फुटली तर तिची जागा घेणारी दुसरी काच जवळपास कोठेही मिळते.

वाकवण्याच्या रीती

वक्र काचच हवी असे ठरले की ती कशी वाकवली जाणार हे ठरवावे, कारण पुढची बहुतेक बंधने त्यावरूनच येतात.

पहिली रीत थंड वाकवणीची. यात सपाट टफन काच साइटवरच दाबून वक्र चौकटीत बसवली जाते. काच वाकते, पण तिच्यात कायमचा ताण राहतो. तो किती हे काढण्यासाठी काचेची मिलिमीटरमधील जाडी ७०,००० ने गुणावी आणि मिलिमीटरमधीलच त्रिज्येच्या दुपटीने भागावे. उत्तर मेगापास्कलमध्ये येते. ६ मिमी काच ९ मीटर त्रिज्येत वाकवली तर सुमारे २३ मेगापास्कल ताण येतो आणि टफन काच तो पेलू शकते. १२ मिमी काच घेतली तर ताण दुप्पट होतो, म्हणजे येथे जाड काच घेणे उलट महागात पडते. ६ मिमी काच २ मीटर त्रिज्येत वाकवायला गेले तर हा आकडा १०५ वर पोहोचतो, आणि वारा किंवा धक्का सोसायला काचेपाशी काही शिल्लकच राहत नाही. थोडक्यात, ही रीत मोठ्या त्रिज्यांसाठी आहे. साधी, टफन न केलेली काच अशी वाकवून ठेवू नये; सततच्या ताणाखाली तिच्या कडेवरचे बारीक ओरखडे वाढत जातात आणि ती आज ना उद्या तडकते.

दुसरी रीत साच्यावरच्या वाकवणीची. सपाट काच पोलादी साच्यावर ठेवून भट्टीत ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवली की ती मऊ होऊन स्वतःच्या वजनाने साच्यात बसते, आणि मग तिला अतिशय सावकाश थंड केले जाते. लहान त्रिज्या, दोन दिशांना वळलेले आकार, नागमोडी काचा हे सारे याच रीतीने होते. पोर्तुगालमधील पोर्तो येथील ‘कासा दा म्युझिका’ या २००५ साली खुल्या झालेल्या संगीतगृहात आणि बेल्जियममधील अँटवर्प येथील २०११ सालच्या ‘मास’ संग्रहालयात अशा नागमोडी काचांच्या उंच भिंती आहेत. पन्हाळी पत्रा जसा घडीमुळे ताठ उभा राहतो तशाच त्या काचा स्वतःच्या लाटांमुळे ताठ राहतात, म्हणून त्यांच्या मागे उभ्या खांबांची दाटी करावी लागलेली नाही. या रीतीने केलेली काच टफन नसते. सुरक्षितता हवी असेल तर दोन काचा एकावर एक ठेवून एकत्रच वाकवतात, म्हणजे त्यांची गोलाई तंतोतंत जुळते, आणि नंतर मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक थर घालून त्यांचे लॅमिनेशन करतात.

तिसरी रीत घरगुती कामांत सर्वाधिक वापरली जाणारी, वक्र टफन काचेची. तापलेली काच लवचिक रोलरांवर वाकवून लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेच्या झोताने थंड केली जाते. या भट्ट्यांत सहसा एकाच दिशेने वळलेला, एकच त्रिज्या असलेला आकार मिळतो. किती लहान त्रिज्या, किती उंची आणि किती जाडी शक्य आहे हे प्रत्येक भट्टीगणिक बदलते, म्हणून आरेखन पक्के करण्याआधी कारखान्याकडून त्यांचा मर्यादांचा तक्ता मागून घ्यावा. निम्मी काच सरळ आणि निम्मी गोल असा इंग्रजी ‘जे’सारखा आकार हवा असेल तर तो मिळतो का, हे वेगळे विचारावे. बहुतेक वेळा सरळ भाग आणि गोल भाग यांच्या दोन काचा करून मध्ये सांधा देणेच शहाणपणाचे ठरते.

मोजमाप

अर्धे यशापयश येथेच ठरते. मोजमाप नकाशावरून घेऊ नये, तयार झालेल्या बांधकामावरून घ्यावे. म्हणजे कोबा, फरशी, जिन्याची तुळई, काचेची खालची कड धरणारे यू आकाराचे धातूचे चॅनेल ज्यावर बसणार ती पट्टी हे सर्व झाल्यावरच. नकाशात २ मीटर त्रिज्या लिहिलेली असते, पण स्लॅबच्या कडेची गोलाई शटरिंगवाल्याने प्लाय कसा वाकवला त्यावर ठरलेली असते. मुंबईतील मरीन ड्राइव्ह परिसरासारख्या ठिकाणच्या जुन्या आर्ट डेको इमारतींमध्ये गोल बाल्कन्या मुबलक आहेत, पण अशा इमारतीत एका मजल्याचे मोजमाप दुसऱ्या मजल्याला लागू पडेल असे गृहीत धरू नये. हा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे तेथे बाहेरून दिसणारा कोणताही बदल करण्याआधी परवानगीचा प्रश्न सोडवावा आणि मगच काचेची चौकशी करावी.

वर्तुळाचा मध्य हाताशी असेल तर तेथे खिळा ठोकून दोरीने त्रिज्या तपासता येते. बाल्कनीत मध्य बहुधा घराच्या आत, भिंतीपलीकडे असतो. अशा वेळी कंसाची दोन टोके जोडणारी सरळ रेषा, म्हणजे जीवा, मोजावी आणि तिच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची मोजावी. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागावे आणि त्यात निम्मी उंची मिळवावी. ही झाली त्रिज्या. समजा जीवा २००० मिमी आणि उंची २५० मिमी आहे. मग त्रिज्या २१२५ मिमी आणि कंसाची लांबी सुमारे २०८२ मिमी येते. आता उंची मोजताना फक्त १० मिमीची चूक करून ती २४० धरली तर त्रिज्या २२०३ मिमी होते, म्हणजे थेट ७८ मिमीचा फरक. म्हणून ही उंची एकदा मोजून समाधान मानू नये. उलट तपासणीसाठी एक मीटर लांबीची सरळ अॅल्युमिनियम पट्टी कंसाच्या आतल्या बाजूला ठिकठिकाणी टेकवून मधली फट मोजावी. २१२५ मिमी त्रिज्येत ती सर्वत्र सुमारे ६० मिमी भरली पाहिजे. एका जागी ५५ आणि दुसऱ्या जागी ६६ भरत असेल तर ते बांधकाम एका वर्तुळाचे नाही, आणि काच मागवण्याआधी ते दुरुस्त करावे लागेल.

त्रिज्या कोणत्या पृष्ठभागाची हे लिहिल्याशिवाय कोणतेही माप पूर्ण होत नाही. ८ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १.५२ मिमीचा थर अशी एकूण १७.५२ मिमी जाडीची काच घेतली तर वरच्या उदाहरणात आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाच्या कंसलांबीत सुमारे १७ मिमीचा फरक पडतो. तीन काचांची बाल्कनी असेल तर शेवटची काच भिंतीत घुसायला तेवढा पुरेसा आहे. दुसरी अडचण एककांची. फॅब्रिकेटर आणि सुतार अजूनही ‘दोन सूत कमी धरा’ असे सहज सांगतात, आणि एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, जवळपास ३.२ मिमी. काच मात्र कारखान्यात मिलिमीटरवर चालते. साइटवर बोली काहीही असो, कागदावर एकच एकक असावे.

आकड्यांवर पूर्ण भिस्त न ठेवता ६ किंवा ९ मिमी प्लायचा फर्मा कापून घ्यावा आणि तो तळाशी, मध्यभागी आणि वर लावून पाहावा. ओळंबा सोडून वरची व खालची कड एकाच उभ्या रेषेत आहे का ते तपासावे, पाणसळीने तळाची पातळी पाहावी. फर्म्यावर आतली बाजू, बाहेरची बाजू, वरची दिशा, काचेचा क्रमांक आणि तारीख रंगीत पेनाने लिहावी.

वळणदार जिन्याच्या कठड्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जिन्याबरोबर चढत जाणारी गोल काच उलगडून सपाट केली तर तिच्या खालच्या व वरच्या कडा सरळ रेषा होतात आणि बाजू उभ्या राहतात, म्हणजे कारखान्यात ती तिरक्या समांतरभुज चौकोनाच्या आकारात कापली जाते आणि मग वाकवली जाते. हा चौकोन चुकीच्या बाजूने वाकवला गेला तर तयार होणारी काच हव्या असलेल्या काचेची आरशातली प्रतिमा असते आणि ती कोणत्याही प्रकारे फिरवली तरी बसत नाही. त्यामुळे आरेखनावर ‘जिन्याच्या आतून पाहताना’ किंवा ‘बाहेरून पाहताना’ हे शब्द प्रत्येक काचेच्या शेजारी लिहावेत.

कोणत्या जागी कशी काच

शॉवरच्या पार्टिशनला ८ किंवा १० मिमी वक्र टफन काच पुरते. बिजागऱ्या मात्र सपाट भागावर घ्याव्यात. वक्र काचेत भोके जितकी कमी तितके बरे, कारण त्यांची जागा टफन करण्याआधी सपाट काचेवर, उलगडलेल्या लांबीने ठरवावी लागते.

बाल्कनीच्या किंवा जिन्याच्या कठड्याला एकेरी टफन काच वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ती फुटली की तिचे खड्यांसारखे तुकडे होऊन कठडाच नाहीसा होतो आणि तुकडे खालच्या माणसांवर पडतात. लॅमिनेटेड काच फुटली तरी जागेवर थांबते. वरची कड उघडी राहणार असेल तर मधला थर नेहमीच्या पीव्हीबी या मऊ प्लास्टिकऐवजी आयोनोप्लास्ट या अधिक ताठ प्लास्टिकचा घ्यावा. जाडी किती हे स्ट्रक्चरल इंजिनियरने ठरवावे. भारतीय मानकांपैकी आयएस २५५३ भाग १ हे सुरक्षा काचेबद्दल, आयएस १६२३१ भाग ४ हे माणसाच्या धडकेपासूनच्या सुरक्षिततेबद्दल, आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ ११४८५ हे खास वक्र काचेबद्दल आहे. इंजिनियर आणि कारखाना या दोघांशी बोलताना ही नावे उपयोगी पडतात. टफन काचेत क्वचित निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेलेला असतो आणि त्यामुळे ती काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आपोआप फुटू शकते. उंचावरच्या काचांसाठी हीट सोक चाचणी, म्हणजे काच मुद्दाम तापवून ठेवून पाहण्याची चाचणी, मागणीतच लिहावी. कमकुवत काच मग कारखान्यातच फुटते.

ऊन, वारा आणि घाट

काच बाहेरच्या बाजूने अंतर्गोल असेल तर ती आरशासारखी ऊन एकत्र करते, आणि ते साधारण निम्म्या त्रिज्येच्या अंतरावर एकवटते. लंडनमधील २० फेन्चर्च स्ट्रीट या इमारतीच्या अंतर्गोल दर्शनी भागाने २०१३ साली रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळवले होते, आणि नंतर त्या भिंतीवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. बंगल्याच्या पश्चिमेला ६ मीटर त्रिज्येची अंतर्गोल, परावर्तक काच असेल तर तीन मीटरवर प्लास्टिकच्या खुर्च्या, कृत्रिम गवत किंवा पार्किंग येत नाही ना, हे पाहावे.

आयएस ८७५ भाग ३ नुसार वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईत ४४ मीटर प्रति सेकंद आणि पुण्यात ३९ आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हा फरक वरवर वाटतो तेवढा किरकोळ नाही. मुंबईचा मूळ दाब पुण्याच्या सव्वापटीहून जास्त भरतो. पुण्यात चाललेली जाडी कोकण किनाऱ्यावर तशीच उचलू नये.

दुहेरी, म्हणजे मध्ये हवेची पोकळी असलेली वक्र काच हा आणखी नाजूक विषय आहे. समुद्रसपाटीजवळच्या कारखान्यात बंद झालेली पोकळी महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर नेली की बाहेरचा दाब सुमारे १५ किलोपास्कलने कमी होतो. सपाट काच अशा वेळी थोडी फुगून दाब वाटून घेते. वक्र काच आकारामुळे ताठ असल्याने फुगत नाही आणि सारा भार कडेच्या सीलवर येतो. घाटमाथ्यावरच्या बंगल्यासाठी अशी काच हवी असल्यास साइटची उंची कारखान्याला लेखी कळवावी आणि दाब समान करणाऱ्या बारीक नळीची सोय मागावी. काचेवर ऊन रोखणारा लेप हवा असेल तर तो भट्टीत टिकणारा आहे का, आणि वाकवल्यावर कोणत्या पृष्ठभागावर येणार, हेही त्याच पत्रात विचारावे.

मागणीपत्र आणि नमुना

मागणीत प्रत्येक काचेची जीवा, कंसाची उंची, त्रिज्या कोणत्या पृष्ठभागाची, उलगडलेली लांबी, उभी उंची, जाडीची रचना, कडांचे पॉलिश, आणि गोलाईत, पिळात व लांबीत किती फरक चालेल ते लिहावे. शेवटची बाब लिहिली नाही तर वाद घालायला आधारच उरत नाही. संख्या जास्त असेल तर आधी एक काच करून घ्यावी आणि ती जागेवर उभी करून दिवसा व रात्री, तिरक्या कोनातून पाहावी. वक्र टफन काचेत रोलरच्या लाटा आणि विशिष्ट प्रकाशात दिसणारे करडे पट्टे थोडेफार असतातच. किती चालतील हे नमुना पाहूनच ठरवता येते.

बसवणी

काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो धरावे. वरच्या उदाहरणातली २०८२ मिमी कंसलांबीची, १७.५२ मिमी जाडीची काच १२०० मिमी उंचीची असेल तर तिचे वजन सुमारे १०० किलो होते. ती लिफ्टमध्ये मावते का हे पाहताना कंसाची उंची आणि पेटीची जाडीही धरावी. जिन्याच्या वळणावर अडकलेली गोल काच तिरकी करून काढता येत नाही.

यू चॅनेलची आतली रुंदी काचेची जाडी, गोलाईतला मान्य फरक आणि दोन्ही बाजूंचे रबर यांची बेरीज करून ठरवावी. १७.५२ मिमी काचेला २० मिमीचे चॅनेल हे भांडणाचे निमंत्रण आहे. ३० मिमीच्या आसपास मोकळीक ठेवावी. काचेच्या तळाखालचे ठोकळे सपाट काचेच्या सवयीने पाव-पाव अंतरावर ठेवले तर वक्र काच अंतर्गोल बाजूकडे कलते, कारण तिचा गुरुत्वमध्य ठोकळे जोडणाऱ्या रेषेच्या आत पडतो. ठोकळे दोन्ही टोकांपासून कंसलांबीच्या सुमारे एक-पंचमांश अंतरावर सरकवले की ती जवळजवळ तोलात उभी राहते. काच चॅनेलमध्ये सहज बसली पाहिजे. क्लँप आवळून तिला जागेवर ओढण्याचा मोह मिस्त्रीला होतोच, पण असा दाब काचेत कायमचा राहतो आणि ती पुढे एखाद्या दुपारी उन्हाने तापल्यावर फुटते. बसत नसेल तर चॅनेल सोडवून हलवावे.

सिलिकॉन तटस्थ प्रकारचे वापरावे. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन लॅमिनेशनच्या कडेला हळूहळू खराब करते. चॅनेलच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोके ठेवावीत, नाहीतर पावसाळाभर काचेची कड पाण्यात उभी राहते आणि वर्षा-दोन वर्षांत तेथे दुधाळ पट्टा दिसू लागतो. समुद्राजवळ स्क्रू आणि पट्ट्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात.

काम ताब्यात घेताना प्रत्येक काचेवरचे मानकचिन्ह पाहून त्याचा फोटो काढावा, चॅनेलमध्ये बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडते का पाहावे, आणि कारखान्याला दिलेली अंतिम आरेखने व प्लायचे फर्मे मागून घेऊन माळ्यावर ठेवावेत, कारण पुढे एखादी काच फुटली तर बसवलेल्या शेजारच्या काचांमधून पुन्हा अचूक मोजमाप घेणे पहिल्यापेक्षा कठीण असते.